भलत्या वेळची घंटा

मी घंटा बोलतोय. ‘बोलतेय’ म्हण, असं गुरुजी लोक सांगतील. सांगू देत. घंटा हे मला मागाहून चिकटलेलं नाव. जन्माने मी गॅसचा सिलिंडर, चांगला पोट सुटलेला बाप्या.

आता बूड करवतीने कापलेलं, मान दोरखंडात, अंगभर गंज. दूर महासागरातल्या सावाई बेटावरच्या एका गावात, शाळेच्या आवारातल्या निरफणसाच्या फांदीला मी लोंबकळतो. फाशीचा कैदीसुद्धा एकदाच लटकतो, आणि लटकल्यावर त्याला कुणी बडवत नाही. मला रोज बडवतात. लोखंडी कांब शेजारीच दोरीला बांधून ठेवलीय, म्हणजे बडवणाऱ्याला शोधायचे कष्ट नकोत.

आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. थट्टामस्करी करीन, दात काढीन, पण चिडलेलाच आहे.

उभं आयुष्य शाळेत गेलं, तरी शिक्षण माझं अर्धवटच. वर्गात मला घेतलंय कुणी? खिडकीतून येईल तेवढं ऐकलं. गणित सकाळी असतं. तेव्हा वारा वर्गाकडून माझ्याकडे येतो, म्हणून पाढे मला येतात. इतिहास दुपारी. दुपारी वारा उलटा फिरतो आणि सगळे राजे समुद्रात नेऊन टाकतो. फिलिपो सरांचं इंग्रजी मी मुद्दामच शिकलो नाही. सरांना तरी ते कुठं येतंय!

मी आलो बोटीतून, पोटात गॅस भरून. पहिली नोकरी पाद्रीबुवांच्या स्वयंपाकघरात. बुवा उपास करतात असा गावाचा समज होता. उपासाच्या दिवशी मी किती शेवया उकडल्या ते मला विचारा.

पोटात दाब घेऊन जगणं म्हणजे काय, तेही मलाच विचारा. माझ्या डोक्यावर एक चावी होती. बुवांची बायको ती हलक्या हाताने फिरवायची. हवा तेवढाच गॅस बाहेर, निळी ज्योत, वर पातेलं. संयम संयम म्हणून लोक प्रवचनं झोडतात ना, तो मला वाटतं एवढाच असतो.

त्याच बोटीतून आलेला माझा एक भाऊ शेजारच्या गावात गेला. त्याची चावी बिघडलेली. बिचारा रोज फुसफुस करून सांगायचा. घरच्यांनी वरून चिंधी आवळली आणि म्हणाले, “गप बस.” एक दिवस त्या स्वयंपाकघराचं छप्पर नारळाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. माणसं वाचली, नशीब त्यांचं. आणि लोक काय म्हणाले? “सिलिंडरच वाईट होता.” चिंधी बांधणाऱ्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

पुढे मी गंजलो, बुवांनी मला काढून टाकलं आणि गावाने इथं टांगलं.

दिवसा मी शाळेचा. तेव्हा ठोके भरभर, टणटणटणटण, की पोरं आत, पोरं बाहेर. संध्याकाळी मी गावाचा. तेव्हा ठोके संथ. टण्… टण्… टण्… दोन ठोक्यांच्या मधे एका श्वासाची जागा. त्याला म्हणतात ‘सा’. सा लागली की गाव जागच्या जागी बसतं आणि प्रार्थना म्हणतं. रस्त्याने चालायचं नाही, ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही. तरणे गडी दंडुके घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, आणि जो हलेल त्याच्या घराला दंड म्हणून डुक्कर द्यावं लागतं. बस थांबते. कुत्रीसुद्धा खाजवायची थांबतात. मग शेवटचा एक ठोका पडतो, सा सुटते आणि गाव जेवायला पळतं.

तुईलोमा हा आमच्या गावाचा बोलका मताई. मताई म्हणजे घराण्याचा मानकरी. लग्न असो, मयत असो, गावातर्फे भाषण हाच ठोकणार. त्याचं भाषण संपेपर्यंत भाजलेलं डुक्कर गार होतं आणि पाहुणे म्हातारे होतात. एकदा सा लागली तेव्हा हा अंगाला साबण लावून नळाखाली उभा होता. हलायचं तर नाही! तशीच, साबणासकट, खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणाला. फेसाने डोळे मिटलेले, त्यामुळे भक्तीही जास्त दिसली.

त्याचा मुलगा रोपाती. बापाची जीभ पोराला आली, अक्कल तेवढी वाटेत सांडली. अंगाने दांडगा, आणि मागेपुढे नेहमी दोन चेले, म्हणजे शेपट्याच.

आणि त्याच वर्गात औकुसो. बारीक चणीचा, मिसरूड फुटायच्या बेतातला. शहाणा पोरगा, पण बोलताना अडखळायचा. एखादा शब्द दारात अडकायचा आणि मागचे सगळे शब्द रांगेत उभे. मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून माया. मला तरी कुठं टण् च्या पुढे बोलता येतं?

त्याची थोरली बहीण मासिना मधल्या सुट्टीत माझ्याच सावलीत बसून गुलगुले विकायची. भाऊ शेजारी बसला की सांगायची, “शब्द काही पळून जात नाहीत रे. एक म्हण. श्वास घे. मग दुसरा.”

“प-पण ताई, तोवर ते ह-हसतात.”

“हसू देत. दात वाळतील त्यांचे. तू श्वास घे.”

रोपातीने त्याचं नाव ठेवलं ‘ततपप’. हाक मारायची ती तशीच. कमरेचं लुंगीसारखं वस्त्र खेचायचं, वह्या डबक्यात टाकायच्या, पाठीत बुक्का घालून “सांग, कुणी मारलं? सां-सां-सांग ना!” म्हणायचं. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलांच्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येक पोराने एक ओळ म्हणायची असते. औकुसो पांढरे कपडे घालून उभा राहिला, पहिल्याच शब्दाला अडकला, आणि मागच्या बाकावरून रोपातीने तोच शब्द तसाच अडखळत म्हटला. चर्च हसलं. अहो, देवाच्या घरात! पाद्रीबुवांनी तोंडावर पुस्तक धरलं, पण पोट हलत होतं त्यांचं. इतकी वर्षं शेवया खाऊ घातल्या मी त्या पोटाला! लाज वाटली मला.

फाटका सदरा घेऊन औकुसो फिलिपो सरांकडे गेला. सर माझ्याच खाली उभे राहून गुलगुला खात होते.

“स-सर, रोपातीने—”

“हो हो, दिसतंय. हे बघ बाळ, संयम ठेव. राग गिळ. मोठं मन कर.”

“प-पण सर, रोज—”

“पोरं चिडवतातच रे. तू लक्ष दिलं नाहीस की दमतील.” सरांनी बोटं चाटली. “बापाला ओळखतोस ना त्याच्या?”

पाहिलंत? चिंधी! माझ्या भावाच्या डोक्यावर बांधलेली तीच चिंधी. मार खाणाऱ्याने संयम ठेवायचा. मारणाऱ्याने मात्र दमेपर्यंत मारायचं, त्याला कसलाच धडा नाही. राग गिळ म्हणे. गिळलेलं जातं कुठं, सर? तेवढं सांगाल? त्या दिवशी दोरखंड तुटून मी सरांच्या डोक्यावर पडावं अशी मी फार प्रार्थना केली. पण दोरखंड नवा होता, सरांनीच आणलेला.

असं चालू असताना ती दुपार आली.

शाळा सुटली होती. शेवटची घंटा त्या आठवड्यात औकुसोकडे होती, म्हणून कांब त्याच्या हातात. डोंगरावरून काळं आभाळ उतरलं होतं, भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटत होतं. मासिना टोपली उचलून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरी गेलेली. आमच्याकडच्या घरांना खांब असतात, छप्पर असतं, भिंती नसतात.

रोपाती आला, मागे दोन्ही शेपट्या.

“काय ततपप, घ-घ-घंटा वाजवतोस? वाजव की. तुझ्यापेक्षा ती बरी बोलते.”

औकुसोने नजर कांबेवरून उचलली नाही.

“अरे, गिळली का जीभ? तुझी ताई काय म्हणते? की ती पण त-त-त?”

“त-ताईचं नाव घेऊ नको.”

मग रोपाती मासिनाबद्दल जे बोलला ते मी सांगणार नाही. मी बडवून घेतलेला, पोचे पडलेला, अर्धशिक्षित सिलिंडर आहे, पण माझ्या तोंडून ते निघणार नाही. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. बाकी कशावरूनही झालेलं भांडण मिटतं, बहिणीवरून झालेलं मिटत नाही. त्या बोलण्यावर भावाने हात उचलला नाही तर लोक भावालाच नावं ठेवतात. आणि हात उचलला, बोलक्या मताईच्या पोराचं डोकं फुटलं, तर गाव सगळ्या घराला हाकलून देतं. आई, ताई, डुकरं, चटया, सगळं घेऊन निघा. बाप तर आधीच परमुलखात मजुरीला गेलेला.

औकुसोने कांब वर उचलली. दोन्ही हातांनी. रोपातीचं डोकं समोर, हातभर अंतरावर. शेपट्या मागे सरकल्या. रोपातीच्या ओठावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यातलं गेलं. औकुसोचे दात कडाकड वाजत होते. त्याच्या पोटातला दाब मला दिसत होता हो, मी ओळखतो तो! मी ओरडत होतो, अरे इकडे, इकडे मार, मी लोखंडाचा आहे, मला मार! पण माझं तोंड कुणीतरी मारल्याशिवाय उघडत नाही, ही माझी जन्माची रड.

कांब आली खाली. रोपातीच्या कानाजवळून वारा कापत गेली आणि माझ्यावर बसली.

टण्!

असा ठोका मला आजवर कुणी दिला नव्हता. फांदी हलली, निरफणस पडले. आणि मग त्या पोराने काय करावं? श्वास घेतला. ताईने शिकवलेला. मग दुसरा ठोका. पुन्हा श्वास. पुन्हा ठोका. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण ठोके एकेक, सुटे सुटे, संथ.

टण्… टण्… टण्…

आणि गाव प्रार्थनेला बसलं!

हसू नका. आभाळ काळं, ठोके संथ, आणि दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसाला वेळ काय कळणार? आमच्या लोकांनी घड्याळावर भरवसा ठेवलाय कधी? सा म्हणजे सा. पोरीबाळी पळत घरात. चुलीवरचं कालवण अर्धं कच्चं. तरण्या गड्यांचा म्होरक्या तोमासी झोपेतून उठून उलटा सदरा घालून दंडुक्यासह रस्त्यावर हजर. बस थांबली, ड्रायव्हरने टोपी काढली. घराघरातून भजन सुरू झालं, तुईलोमाच्या घरातून सगळ्यात मोठ्याने.

“खोटं आहे!” रोपाती ओरडला. “सा नाही ही! हा ततपप वाजवतोय!”

“ए रोप्या, खाली बस,” तोमासी दबक्या आवाजात म्हणाला. “सा लागलीय.”

“अरे, दुपार आहे ही! घड्याळ बघ!”

“तोंड मिट, म्हणतो ना. बस.”

औकुसो केव्हाच खाली बसला होता, कांब मांडीवर, मान खाली. भजन संपून गाव मुक्याने प्रार्थना करू लागलं. समुद्रही जरा हळू झाल्यासारखा वाटला. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. पण रोपातीला त्या शांततेचा राग आला. इतके दिवस त्याचं बोलणं शाळेच्या गलक्यात लपत होतं ना! तो उभाच राहिला आणि बेंबीच्या देठापासून मघाचं तेच मासिनाबद्दल पुन्हा बोलला. वर अडखळत बोलण्याची नक्कलही केली. सगळं सविस्तर.

भिंती नसलेल्या सगळ्या घरांनी ते ऐकलं. पाद्रीबुवांनी ऐकलं. फिलिपो सरांनी ऐकलं, आता “गलक्यात कळलं नाही” म्हणायची सोय नव्हती. मासिनाने ऐकलं. आणि तुईलोमाने, आपल्याच पोराच्या तोंडून, शब्द न् शब्द ऐकला.

पुढे पंचाईत अशी की सा सोडायचा ठोका कोण देणार? लावणारा मान खाली घालून बसलेला, आणि बाकी कुणी हललं तर डुकराचा दंड. गाव तसंच बसून. शेवटी औकुसोच उठला आणि एक ठोका दिला. टण्. तेव्हा कुठे कालवण ढवळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मताई लोक शेजारच्या गोल घरात जमले, तोमासी आणि फिलिपो सरांनाही बोलावून घेतलं. मी इथून सगळं ऐकत होतो, आणि त्या दिवशी वारा माझ्या बाजूचा होता.

तुईलोमा उठला. “मानकऱ्यांनो, सा सूर्य बुडताना लागते. दुपारी वाजली ती सा नव्हे, गावाची टिंगल. औकुसोच्या घराने गाव सोडावं. माझा मुलगा दुपारच्या वेळी दोन शब्द जोरात बोलला. त्यात काय? पोरं चिडवतातच.”

गोल घराबाहेर एका बाजूला तुईलोमाची बायको होती, दुसऱ्या बाजूला मासिनाची आई गुडघ्यांत तोंड लपवून बसली होती. मासिनाने तिचा हात धरला होता.

थोरले मताई सालानोआ आजोबा. यांना दात नाहीत, म्हणून ते थोडं बोलतात.

“तुईलोमा, घंटा झाली तेव्हा काय करत होतास?”

“झोपलो होतो, आजोबा.”

“मग?”

“उठलो.”

“मग?”

“बसलो.”

“नुसता?”

“…प्रार्थना केली.”

“आमेन म्हणालास?”

“म्हणालो असेन.”

“असेन काय? माझ्या घरापर्यंत आलं तुझं आमेन. ती प्रार्थना देवाने परत पाठवली का तुझ्याकडे? दुपारची आहे, चालत नाही म्हणून?”

तोमासी फसकन हसला. आजोबा हसले नाहीत.

“तू सा पाळलीस. मी पाळली. या गाढवाने उलट्या सदऱ्याने पाळली. एकानेच मोडली. आणि मोडून तो काय बोलला, ते मी म्हणून दाखवू? इथं? तुझ्या बायकोसमोर?”

“त… त…” तुईलोमा म्हणाला. “त-तसं नाही, प-पण…”

ऐकलंत? गावाची जीभ! त त प प! मी आनंदाने वाऱ्यावर जरा हललो, म्हणजे फांदीने हलवलं, पण श्रेय मी घेतो.

आजोबा फिलिपो सरांकडे वळले. “हे शाळेत रोजचंच होतं?”

“मी त्याला संयम शिकवत होतो, आजोबा.”

“कुणाला?”

“औकुसोला.”

“आणि रोपातीला काय शिकवत होतास?”

सरांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. बटण होतं जागेवरच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुईलोमा आणि रोपाती औकुसोच्या घरापुढे मांडी घालून बसले होते, डोक्यावरून घराण्याची पिढीजात बारीक विणीची चटई पांघरून. चूक कबूल करायची आमची ही रीत. चटईखालचा माणूस बोलत नाही. घरच्यांनी वाटलं तर चटई उचलावी, वाटलं तर दगड मारावा. उचलेपर्यंत बसून राहायचं.

“बोललं तुला गेलंय,” आई मासिनाला म्हणाली. “तू ठरव.”

“मार यानं खाल्लाय,” मासिना म्हणाली. “हा ठरवील.”

औकुसो खांबाशी उभा राहिला. उभाच राहिला. ऊन वर आलं, चटईखाली दोघे वाफेवरच्या अळूच्या वडीसारखे शिजत असणार. खरं सांगू, मला वाटत होतं, असू दे, अजून थोडं शिजू दे. चर्चमध्ये हसलेल्या सगळ्यांनाच आण चटईखाली, जागा कमी पडेल पण आण. माझं मन तुमच्यासारखं मोठं नाही, मला आतून पोकळ करून ठेवलंय.

मग तो पुढे झाला आणि चटईचं एक टोक वर केलं. खाली रोपाती, घामाने निथळणारा.

“माझ्या ह-हातात कांब होती,” औकुसो म्हणाला. श्वास घेतला. “त-तुझं डोकं फोडणार होतो.” श्वास. “फोडलं नाही. तू पुन्हा बोललास, कुणालाही बोललास, तर मी प-पुन्हा वाजवीन. सगळ्या गावाला ऐकवीन.”

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. सगळं गाव थांबून राहिलं. एकही दात दिसला नाही. मग त्याने चटई पूर्ण काढली.

तेव्हापासून मला तडा गेलाय. पहिल्या ठोक्याचाच. आवाज घोगरा झाला, टण् च्या जागी थोडं खण् येतं. फिलिपो सर म्हणतात, शहरातून विजेची घंटा आणू. आणा. नुसतं बटण दाबायचं, म्हणे. पण संतापाने हातपाय कापत असलेल्या पोराने बटण दाबून काय करावं, याचाही विचार करून ठेवा. आणि सर, तेवढी ती चिंधी आपल्याच तोंडाला बांधा. ‘राग गिळ’ म्हणायची उबळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

परवाची गोष्ट सांगतो आणि गप्प होतो, कारण गळा दुखतो.

वर्ग चालू होते. औकुसो प्यायला पाणी आणायला बाहेर आला, तर माझ्या खाली रोपाती उभा. एकटा, शेपट्या नाहीत. पाठीवरचा सदरा वळांना चिकटलेला. त्याच्या घरालाही भिंती नाहीत हो, आदल्या रात्री तुईलोमाचा पट्टा सगळ्या गावाने ऐकला आणि सगळं गाव कुशीवर वळून झोपलं. मी चिडलोय तो एकट्या रोपातीवर नाही, आता कळलं ना?

रोपातीच्या मुठी वळलेल्या. नजर एका लहान पोराकडे, जो आवारात निरफणस वेचत होता.

औकुसोने सगळं पाहिलं. माझ्या शेजारची कांब सोडली, त्याच्यापुढे धरली आणि मान माझ्याकडे झुकवली.

“घे. याला म-मार.”

रोपाती कांबेकडे बघत राहिला. मग घेतली.

“आणि भ-भरभर मार,” औकुसो म्हणाला. “हळू मारलंस तर त-तुझा बाप प्रार्थनेला बसेल.”

रोपातीच्या नाकातून एक विचित्र आवाज आला, हसणं आणि रडणं यांच्या मधला. मग त्याने मला मारलं. टणटणटणटण! खण! टणटण! तडा वितभर वाढला. शाळा सुटली समजून सगळे वर्ग बाहेर धावले, सर हातात खडू घेऊन घड्याळ कानाला लावत बाहेर आले, आणि निरफणस वेचणारं पोरगं अंगाला बोटही न लागता घरी पळालं.

मारा, लेकांनो. मी आहे अजून.